टाकी भरली हाय!

गणपती बसल्याचा दुसरा दिवस, सकाळचे सव्वासात. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातली कुठलीही वाडी घ्या आणि तिच्यातलं कुठलंही घर. पडवीत कोणी नारळ सोलतंय, भजनाला जागलेली मंडळी माजघरात अजून आडवी आहेत, बाहेर पाऊस पागोळ्या धरून ओततोय आणि मागच्या दारी संडासापुढं खांद्यावर टॉवेल टाकून सात माणसं ओळीनं उभी आहेत. आतून आवाज येतो. पाणी गेल्याचा नव्हे, आल्याचा. आधी गुडगुड, मग एक भलामोठा ढेकर, मग शांतता. कडी निघते. बाहेर पडलेले मुंबईचे जावई कोणाच्याही नजरेला नजर न देता थेट गणपतीसमोर जाऊन हात जोडून बसतात.

रांगेतला पुढचा माणूस आत डोकावतो आणि एवढंच म्हणतो, "टाकी भरली हाय."

या निदानाला घरात कोणीच हरकत घेत नाही. बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊसुद्धा इथं एकमतानं मान डोलावतात. लगेच कामं वाटली जातात. एकानं तालुक्याला मैल्याच्या गाडीला फोन करायचा, दुसऱ्यानं पहार शोधायची, तिसऱ्यानं बायकांना सांगायचं की आज कपडे धुऊ नका. हे तिसरं काम कोणालाच नको असतं.

गंमत अशी, की टाकी भरली हे निदानच नव्हे. सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. नवी बांधून वापरायला लागलं की थोड्याच दिवसांत तिच्यातलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीला येतं आणि पुढं जन्मभर तिथंच राहतं. अलीकडून तांब्याभर आलं की पलीकडून तांब्याभर गेलं, एवढाच तिचा व्यवहार. झाकण उघडल्यावर पाणी त्या पाइपाच्या बरंच खाली दिसलं तर मात्र काळजी करावी, कारण मग टाकी कुठंतरी फुटलेली असते. तेव्हा 'टाकी भरली' म्हणणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाची नाडी बघून 'याच्या अंगात रक्त आहे' असं सांगणं.

घोळ नावापासूनच आहे. सेप्टिक म्हणजे कुजवणारी. इंग्लंडातल्या एक्झेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५च्या सुमारास हे नाव रूढ केलं. त्याआधी फ्रान्समधल्या वेसूल गावच्या मूरास नावाच्या गृहस्थांनी १८६०च्या आसपास घरासाठी अशी टाकी बांधली होती. बारा वर्षांनी तिचं झाकण उघडलं तर आत अपेक्षेइतका गाळच नाही! मूरास चक्रावले, आणि १८८१मध्ये पेटंट घेऊन मोकळे झाले. आपल्याकडं हा शब्द घाट उतरून वाडीत येईपर्यंत त्याची 'सेफ्टी टँक' झाली. गवंड्याच्या वहीतही 'शेप्टी टाकी, १ नग' असंच लिहिलेलं असतं. कुजवणारी टाकी म्हणून पैसे मागितले असते तर घरमालकानं दिले असते की नाही, शंकाच आहे.

मूरास यांना जे कोडं पडलं ते कोकणातल्या कुठल्याही आजीनं सोडवलं असतं. टाकीतला कारभार दुधासारखा आहे. वर साय धरते, तळाला जड ते बसतं, मधे निवळ राहते. तळातल्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू काम करतात आणि त्याचा बराचसा भाग वायू आणि पाणी करून टाकतात. बाहेर जाणारा पाइप मुद्दाम टी-आकाराचा, तोंड खाली बुडवलेला, म्हणजे साय आणि गाळ मागं राहून मधली निवळ तेवढी पुढं जावी. आणि हो, विरजणसुद्धा लागतं. सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०, १९८५ची आवृत्ती. नवी टाकी सुरू करताना तिच्यात जुन्या टाकीतला थोडा मुरलेला गाळ घालावा, तो नसेल तर कुजलेलं शेण चालेल, असं त्यात सांगितलंय. शेणाच्या पाण्याला दिल्लीची मान्यता आहे हे वाडीतल्या मिस्त्रीला ठाऊक नाही, पण तो बादलीभर ओततोच.

त्याच मानकात टाकीचं किमान माप दिलंय. पाण्याची खोली निदान एक मीटर, रुंदी पाऊण मीटर, पोटात किमान हजार लिटर. पाच माणसांच्या घराला याहून थोडी मोठी टाकी पुरते. आता वाडीतल्या घराचा हिशोब करा. वर्षाचे अकरा महिने घरात दोन म्हातारी माणसं आणि एक मांजर. मांजर बाहेर जातं. टाकीतले जिवाणू बिचारे अर्धपोटी दिवस काढतात. मग गणपतीला मुंबई-पुण्याहून चाकरमानी उतरतात आणि दोनाचे बावीस होतात. शहरातून आलेला माणूस शहरासारखंच पाणी वापरतो, कारण विहिरीवर पंप आहे आणि वीजबिल म्हाताऱ्याचं. माणशी शंभर लिटर धरले तरी दिवसाला बावीसशे. दोन हजार लिटरच्या टाकीत पाण्यानं निदान दिवसभर निवांत पडून राहावं, तेव्हा कुठं गाळ खाली बसतो. इथं पाणी आत येतं न येतं तोच मागचं त्याला ढकलतं, पनवेलच्या स्टँडवर महाडची एसटी लागल्यासारखं. गाळाला बसायला जागाच मिळत नाही, तो उभ्यानं प्रवास करत पुढच्या शोषखड्ड्यात जातो.

एवढं गणित सकाळी सव्वासातला कोण मांडणार? तेव्हा संशयितांची नावं निघतात.

पहिला मान धाकट्या सुनेचा, कारण तिचं बाळ डायपरवालं. ती शपथेवर सांगते की एकही आत टाकलेला नाही, सगळे कागदात गुंडाळून ठेवलेत, आणि ते ठेवलेत कुठं हेही दाखवते, म्हणून चर्चा घाईनं दुसरीकडं वळते. दुसरा संशय तंबाखूच्या पुड्यांवर. तिथं चार पुरुष एकदम छताकडं बघू लागतात. तिसरा संशय चुलीच्या राखेवर. ही राख भांडी घासून मोरीतून जाते आणि खरोखरच पाइपाच्या वळणात सिमेंटसारखी बसते. पण ती आजीची राख. आजीवर संशय घ्यायची हिंमत या घरात अजून कोणाला झालेली नाही. तळणाचं तेल सिंकमध्ये ओतणारे काका मघापासून डायपरविरुद्ध सर्वांत मोठ्यानं बोलतायत.

मग उपचार. एक काका अ‍ॅसिडची बाटली आणतात. अ‍ॅसिडानं भांडं चकाचक होतं आणि टाकीतले जिवाणू मरतात, म्हणजे स्वयंपाकघर तुंबलं म्हणून आचाऱ्यालाच मारण्यातला प्रकार. दुसरे बांबूची कामटी घेऊन येतात. पुण्याचा भाचा मोबाइलवर व्हिडिओ लावतो. तिसऱ्याच कोणाला आठवतं की गॅसच्या पाइपाला काहीतरी बांधलंय. हे मात्र खरं निघतं. डास टाकीत जाऊन अंडी घालतात म्हणून आरोग्य खात्याची माणसं त्या उंच पाइपाच्या तोंडाला जाळी बांधायला सांगतात. घरात जाळी नव्हती, जुना लोकरीचा मोजा होता. तीन पावसाळे शेवाळ धरून त्या मोज्याचं बूच झालंय. मोजा काढल्यावर आतून एक दीर्घ निःश्वास ऐकू येतो, आणि त्याच्या मागोमाग वासही. ढेकर कमी होतात. पाणी मात्र तिथंच.

आजी तेवढ्यात ओसरीवरून म्हणते, "मी जुलैपास्नं सांगतेय, मोरी बोलतेय म्हणून." तिच्याकडं कोणी लक्ष देत नाही.

नऊ वाजता मिस्त्री येतो. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात एक पहार, बाकी काही नाही. तो कोणावर संशय घेत नाही. तो फक्त विचारतो, "एकच संडास तुंबलाय का मोरी बी?" प्रश्न साधा, पण सगळा तपास त्यात आहे. एकच भांडं तुंबलं असेल तर बोळा त्या भांड्याच्या वळणात. मोरी, न्हाणी, संडास सगळीच गुडगुडत असतील तर खोट पुढं, सगळ्यांच्या सामाईक वाटेवर. आणि पाणी सर्वांत आधी वर येतं ते सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणून न्हाणीची जाळी हा घरातला पहिला साक्षीदार. ही साक्ष आजी जुलैपासून नोंदवत होती.

मग तो घरापासून टाकीकडं चालत जातो आणि वाटेतली चेंबरं उघडत सुटतो. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घराच्या बाजूला, तुडुंब असेल तर अजून पुढं. पहिलं तुडुंब. दुसरंही तुडुंब. मग टाकीचं झाकण. ते तो पहारीनं लांबून सरकवतो, लोकांना मागं हटवतो, मोठ्या काकांच्या तोंडातली बिडी विझवायला लावतो आणि थोडा वेळ नुसताच थांबतो. मग वाकून न बघता बांबूनं पातळी मोजतो. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर हातभर चढलंय.

"तुंबलं नाय," तो म्हणतो. "याला जायाला जागा नाय."

टाकी निम्मंच काम करते, उरलेलं शोषखड्ड्यानं करायचं असतं. तिथून पाणी जमिनीत मुरलं पाहिजे. मानक म्हणतं, जमीन पाझरणारी हवी, भूजल वरून १८० सेंटिमीटर तरी खाली हवं, पिण्याच्या विहिरीपासून अंतर निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट हवं. यातली विहिरीची अट पाळायला वाडीत सर्वांत जड जाते, कारण साठ फुटांवर शेजाऱ्याचीच विहीर लागते. राहिली जमीन. कोकण म्हटलं की शहरी लोकांना जांभा आठवतो. सह्याद्रीच्या पायथ्याला मात्र हातभर तांबड्या मातीखाली काळा कातळ लागतो. कातळात खणलेल्या खड्ड्याला शोषखड्डा म्हणायचं तर बादलीलाही म्हणावं लागेल. आणि पावसाळ्यात, तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पिऊन सप्टेंबरात जमीन अशी टिच्च झालेली असते की वरून ओतलेलं राहू दे, खालचंच पाणी खड्ड्यात उलटं येतं. शोषखड्डा काही शोषत नाही, उलट पाणी परत पाठवतो.

इथं थोडं गंभीर व्हावंच लागतं. २२ जुलै २०२१ला याच महाड तालुक्यात तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीला दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याआधी जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. तेव्हापासून या भागात पाऊस चार दिवस लागून राहिला की माणसं आधी डोंगराकडं बघतात, मग बाकीच्याकडं. परसात नवी भेग दिसली की संडास तुंबल्याची कोणाला फिकीर राहत नाही. आणि सांडपाण्याचा प्रश्न इथं नुसता घाणीचा राहत नाही, कारण दोन शास्त्रं दोन गोष्टी सांगतात. आरोग्यवाला म्हणतो, पाणी जमिनीत मुरवा. भूवैज्ञानिक म्हणतो, दरडीच्या उतारात पाणी मुरवू नका, चर काढून बाहेर न्या. दोघांचंही बरोबर आहे. मधल्या उतारावर घर आहे.

दरम्यान मैल्याच्या गाडीचा फोन लागतो. गाडीवाला म्हणतो, येतो, पण आज अकरा ठिकाणांहून फोन आहेत, आणि वाडीत गाडी वळत नाही, नळी जिथवर पुरेल तिथवर. मिस्त्री मान हलवतो. भर पावसात टाकी पूर्ण उपसू नये, असं त्याचं म्हणणं. बाहेरच्या चिखलाचा दाब रिकाम्या टाकीच्या भिंतींवर येतो, विटांना तडे जातात. प्लास्टिकची टाकी असेल तर होडीसारखी वर तरंगून येते. आणि शोषखड्डाच भरलेला असेल तर गाडी वळायच्या आत उलटं पाणी येऊन टाकी पुन्हा होती तशी. हजारो रुपये देऊन एक रात्र विकत घ्यायची.

उपसायची ती सवडीनं, उन्हाळ्यात, दोन-तीन वर्षांनी, तळचा गाळ वाढला की. पण आठवण कोणाला? संडास तुंबत नाही तोवर टाकी बांधलीय कुठं हेच घरात ठाऊक नसतं, वर तुळशीवृंदावन तरी असतं नाहीतर मोटरसायकल. या विसराळूपणावर आंबेनळी घाटाच्या पलीकडं एका गावानं तोड काढली आहे. वाई नगरपालिकेनं आणि नाशिककडच्या सिन्नर नगरपालिकेनं अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं २०१८-१९च्या सुमारास ठरल्या वेळी उपसा सुरू केला. तक्रारीची वाट बघायची नाही, पाळीपाळीनं दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी उपसायची, खर्च स्वच्छता करातून, आणि मैला ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात न्यायचा. न बोलावता दारात मैल्याची गाडी येणं हा पाहुणचार पचायला थोडा वेळ लागतो, पण हे चालू शकतं एवढं तिथं दिसलंय. घाट उतरून अलीकडं ती गाडी अजून यायची आहे.

गाडी येत नाही तेव्हा काय होतं? कोणीतरी म्हणतं, "दोन माणसं लावा, आत उतरतील." इथं मात्र मिस्त्री पहार जमिनीवर आपटतो. 'सेफ्टी' हे नाव किती खोटं आहे ते त्याला माहीत आहे. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडाचा वास थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. २०१३च्या कायद्यानं माणसाला संरक्षक साधनांशिवाय असं टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृताच्या घरच्यांना दहा लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये सांगितलं, २० ऑक्टोबर २०२३च्या निकालानं ते तीस लाख केले. आणि उतरवली जाणारी ती 'दोन माणसं' कुठल्या आळीतली, हे घरात कोणाला विचारावं लागत नाही. डिसेंबर १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला द्या म्हणून उपोषण मांडलं होतं आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं होतं. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारा संडास उभा केला. ही गोष्ट कोकणातलीच, पण गणपतीच्या आराशीत तिचा देखावा कधी दिसत नाही.

उतरायला कोणी नाही, गाडीचा पत्ता नाही. तेव्हा मोठी वहिनी पहिला शहाणा निर्णय घेते: माणसं कमी करा. बारा जणांना दोन गाड्यांत घालून रायगड बघायला पाठवलं जातं. गड याच तालुक्यात, जन्मात चारदा बघितलेला, तरी आज सगळे आनंदानं जातात, कारण पायथ्याला संडास आहे. वर राणीवशात वाटाड्या महालांना जोडलेले दगडी शौचकूप दाखवतो. एरवी चाकरमानी तिथं दोन मिनिटं थांबून पुढं जातो. आज बारा जण तिथं अर्धा तास उभे राहून उताराची चर्चा करतात. जावई फोटोही काढतात.

इकडं घरात पाण्याचा वापर निम्म्याखाली आला, तरी टाकीतली पातळी उतरेना. उलट पावसाची सर वाढली की बोटभर वर चढते. मिस्त्री पाटावर बसून चहा पितो आणि छपराकडं बघत राहतो. पन्हळीचं पाणी एका जाड पाइपातून भिंतीलगत खाली येतंय आणि अंगणातल्या नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकखाली गडप होतंय. "ह्यो पाइप जातो कुटं?"

कोणालाच माहीत नसतं. मिस्त्री विसर्जनासाठी आणलेला गुलाल मागतो. आजी कुरकुरते, पण देते. मूठभर गुलाल पन्हळीच्या तोंडाशी टाकला जातो. टाकीअलीकडच्या चेंबरभोवती सगळे वाकतात. मिनिटभरात तिथलं पाणी गुलाबी होतं.

शंभर चौरस मीटरचं छप्पर, दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस, जो इथं पावसाळ्यात कोणी बोलूनही दाखवत नाही. म्हणजे दहा हजार लिटर. बावीस पाहुण्यांच्या साडेचारपट पाणी एकटा पाऊस टाकीत ओतत होता. डायपर, राख, पुड्या, सगळे निर्दोष सुटतात. पाइप तिथंच कापला जातो, पाणी अंगणातून शेताच्या चरात वळतं आणि दुपारच्या नैवेद्यापर्यंत बांबूवरची खूण चार बोटं खाली येते.

राहता राहिला एक प्रश्न: मे महिन्यात अंगण करताना हा पाइप चेंबरला जोडायला कोणी सांगितलं? अंगणात चिखल नको, पाणी दिसायला नको, जमिनीखालून कुठंतरी सोडून दे, असं?

मोठे काका बिडीचं बंडल खिशात ठेवतात आणि कोणाच्याही नजरेला नजर न देता गणपतीसमोर जाऊन बसतात. तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजतो. सकाळी फोन केलेली गाडी आली आहे.